वायराकुंकाला अकरा मिनिटं

३ जून, सोमवार

वयाच्या बावन्नाव्या वर्षी मला आज गणवेश मिळाला. निळा कोट, पितळी बटणं आणि आधी कुणीतरी वापरलेली टोपी. कोट एक माप मोठा आहे. शिंपी म्हणाला, सेन्योर, काळजी नको, इथले बटाटे खाऊन महिन्याभरात तुम्ही त्यात भराल. माणसाला कोटाच्या मापाचं करायची ही पद्धत मी सरकारी कचेऱ्यांत पाहिली होती, शिंप्याकडे पहिल्यांदाच पाहिली.

पाठीवर सॅक टाकून जग बघत हिंडणाऱ्या पोरापोरींसाठी एका कंपनीने डोंगरातली जुनी रेल्वे पुन्हा चालू केली आहे. सकाळी कुसीपाताहून निघायचं, दुपारी बाराला वायराकुंकाची खिंड, संध्याकाळी इकडे लारिमायो. दुसऱ्या दिवशी उलट. मी तिच्यावरचा नवा गार्ड. खोली लारिमायोतच, बेकरीच्या वर. पहाटेपासून जमीन गरम असते आणि खोलीला ताज्या पावाचा वास येतो. कुस्कोत माझ्या खोलीला फक्त शाईचा वास यायचा, आणि शेवटी शेवटी तोही नाही.

ज्या पेपरात मी एकोणतीस वर्षं सदर लिहिलं तो मार्चमध्ये बंद पडला. सदराखाली सही असायची ‘ओर्तीगा’. ओर्तीगा म्हणजे आमच्या बांधावरचा तो पाला, हात लागला की दिवसभर खाज. गावाने मला तेच नाव लावलं. बँकेत, न्हाव्याकडे, लग्नपत्रिकेवरसुद्धा ओर्तीगा. माझं खरं नाव विचारणारं आता कुणी उरलं नाही, आणि त्याचं मला दुःखही नाही.

आज मन प्रसन्न आहे. याची नोंद करून ठेवतो, कारण तसं क्वचित होतं.

५ जून, बुधवार

पहिली फेरी. शिकवायला डॉन मेलिटोन बरोबर होते. एकोणीस वर्षं याच मार्गावर, आधी मालगाडीवर, आता या सॅकवाल्यांवर. चेहरा वाळवलेल्या बटाट्यासारखा. पुढच्या आठवड्यात निवृत्त होऊन मुलीकडे खालच्या जंगलात राहायला जाणार आहेत.

गाडी सुटली की ते डब्यातून फिरतात आणि एकेकाला विचारतात, तुझी आई तुला घरी काय म्हणते? पोरांना हे भारी आवडतं. कुणी लाजतं, कुणी हसतं. डॉन मेलिटोन यादीतल्या छापील नावापुढे पेन्सिलीने ते नाव लिहितात. सहा फुटी जर्मन निघाला ‘उंदरू’. मी तोंडावर रुमाल धरला.

बाराला खिंड. गाडी तिथे ब्रेक तपासायला थांबते. सगळे खाली उतरून फोटो काढतात. भिंतीच्या आडोशाला मामा सातुका कोकाच्या पानांचा चहा आणि कणीस-चीज विकते. शिट्टी झाली, सगळे चढले, आणि मग डॉन मेलिटोननी जे केलं ते पाहून मला कळेना हसावं की टोपी काढावी. एक पाय पायरीवर, एक पाय हवेत. टोपी हातात घेऊन ती ओवाळत त्या रिकाम्या माळाला हाका मारू लागले. उंदरू, हाम्पुय. परत ये रे, चल, मागे राहू नकोस. एकेक नाव तीनदा. त्रेचाळीस नावं, अकरा मिनिटं.

हे नवं नाही. लहानपणी मी पायऱ्यांवरून पडलो तेव्हा आजी त्याच पायऱ्यांवर जाऊन माझा सदरा हलवत मला बोलवत होती, मी घरात तिच्या डोळ्यांसमोर बसलेला असताना. घाबरला किंवा हरखला की माणसाचा जीव तिथेच बसून राहतो, त्याला नावाने घरी आणावं लागतं. पण हे आजीने करावं. रेल्वे कंपनीने वेळापत्रकात बसवून करावं, याची मजा वाटली.

शेवटी म्हणाले, आता तुझं घरचं नाव सांग. आम्ही गार्ड एकमेकांनाही बोलावतो. मी सांगितलं नाही. आईने ठेवलेलं ते नाव पन्नाशीच्या माणसाने रोजनिशीतही लिहू नये असं आहे. ओर्तीगा म्हणा, म्हटलं. ते म्हणाले, ओर्तीगाला मी ओळखतो रे, तो पेपरात राहतो. तू कुठे राहतोस ते विचारतोय.

बरं बोलतात म्हातारे. कुस्कोत असते तर सदर त्यांनाच दिलं असतं.

११ जून, मंगळवार

डॉन मेलिटोन आज गेले. जाताना तीन गोष्टी सांगितल्या. एक, माणसं मोजू नकोस, बोलाव. मोजली की आकडा घरी येतो, माणूस येईलच असं नाही. दोन, वायराकुंकाला दोन्ही पाय जमिनीवर ठेवू नकोस. एकोणीस वर्षांत त्यांनी ठेवले नाहीत, चहासुद्धा सातुका पायरीशी आणून देते. तीन, शंका आली तर खिडकीची काच बघ. जिवंत माणूस काचेशी बसला की थंडीत काच धुरकटते.

दुसरी गोष्ट मी आनंदाने पाळणार आहे. तिथला वारा खायला उतरतो कोण?

संध्याकाळी हात शिवशिवला. तीन महिन्यांत काही लिहिलं नव्हतं. कंपनीचं एक चार पानी पत्रक निघतं, त्यासाठी एक टिपण खरडलं: ‘वायराकुंकाची हजेरी’. त्यात उंदरू आहे, टोपी आहे, दगडांना मारलेल्या हाका आहेत आणि एक लामा ‘हजर’ म्हणतो. चांगलं जमलं आहे. हात अजून गेलेला नाही.

१७ जून, सोमवार

व्यवस्थापक, इंजिनियर बाल्कासार, यांनी बोलावून घेतलं. टिपण वाचून त्यांना ठसका लागला होता म्हणे. ओर्तीगा, काय लिहिता हो तुम्ही, आणि मुद्दा कसा नेमका पकडता. मी म्हटलं, कुठला मुद्दा? अकरा मिनिटं, ते म्हणाले. रोजची अकरा मिनिटं, त्या दगडांसाठी. उद्यापासून बंद. हातात एक यंत्र दिलं. बोट दाबलं की आकडा पुढे सरकतो. डोकी मोजा, शिट्टी द्या, निघा.

लेखणीने या देशात काही बदलत नाही असं मी एकोणतीस वर्षं म्हणत आलो. एकदाच बदललं. जरा फुगलोही.

१८ जून, मंगळवार

हाकांशिवाय पहिली फेरी. चढले एक्केचाळीस, मोजले एक्केचाळीस.

योस्ट नावाचा एक बेल्जियन पहाटेपासून माझ्या मागे लागला होता. कॉफी पाणचट, खिडकी अडकते, उन्हाची बाजू का दिली नाही. खिंडीनंतर एकदम गप्प. हात मांडीवर, नजर समोर. कॉफी आणू का विचारलं तर म्हणाला, हो, छान आहे. मी अजून आणली नव्हती.

सगळा डबाच तसा. लारिमायोला उतरताना सगळ्यांनी अभिप्रायाच्या कागदावर पाचपैकी पाच दिले. तक्रार केली फक्त दोघांनी. त्यांना सोरोचे, म्हणजे उंचीवरची विरळ हवा, लागलं होतं, डोकं धरून डब्यातच पडले होते, खिंडीत खाली उतरलेच नाहीत.

प्रवासी असे असतील तर ही नोकरी मी मरेपर्यंत करीन.

२४ जून, सोमवार

सूर्याचा सण. बेकरीत गर्दी. इंजिनियर बाल्कासारांनी भिंतीवर माझा फोटो लावला: महिन्याचा उत्तम कर्मचारी. सहा दिवसांत एकही वाद नाही, एकही हरवलेली वस्तू नाही. म्हणाले, तुम्ही काय जादू केलीत? हसलो.

योस्ट अजून गावातच आहे. स्टेशनच्या बाकावर. बेकरीवाली दोन्या एल्व्हिरा म्हणाली, तुमचा तो गोरा सहा दिवस तिथेच बसलाय, पाठीवरची सॅकसुद्धा काढली नाही, पाव दिला तर खातो, नाही दिला तर मागत नाही. नवऱ्यापेक्षा बरा आहे, पण मला भीती वाटते त्याची. आणि तो एकटा नाही म्हणाली. पुढची गाडी कुठली ते विसरल्यासारखे बरेच जण चौकात उभे असतात.

मी खिडकीतून पाहिलं. सात मोजले. यंत्राची सवय लागली आहे.

२ जुलै, मंगळवार

आज मामा सातुकाने मला चहा दिला नाही. पायरीशी आली, हात शालीआड. म्हणाली, तुझी माणसं घेऊन जा इथून. चहाचे मग संपले माझे, बहिणीकडून मागून आणले. मी विचारलं, कुठली माणसं? तिने हनुवटीने दाखवलं.

भिंतीच्या कडेला पत्र्याचे मग ओळीने मांडले होते, लांबपर्यंत. भर दुपार, लख्ख ऊन, माळ मोकळा. एकही माणूस नाही. वाफ मात्र दिसत होती. मगातून सरळ वर येत होती आणि वीतभर वर गेली की तुटत होती, कुणी ओठ लावून फुंकर घालावी तशी. एका मगाची तुटली. नंतर शेजारच्याची. नंतर पुढच्याची.

ती म्हणाली, ती बिचारी थंडीने काकडतात. म्हातारा असता तर त्याने घरी नेली असती. तू काय करतोस तिथे उभा राहून, टिकटिक?

परतीच्या वाटेवर काचा पाहिल्या. माझ्या शेजारची काच धुरकट. सोरोचेवाल्या एका बाईची धुरकट. बाकी डबाभर स्वच्छ काचा, आणि त्यांच्याशी नाक टेकवून बसलेली माणसं.

५ जुलै, शुक्रवार

इंजिनियर बाल्कासारांना सांगितलं. त्यांनी माझंच टिपण खणातून काढून मला वाचून दाखवलं. लामा ‘हजर’ म्हणतो तिथे पुन्हा हसले. ओर्तीगा, तुम्ही माणूस भलते गमतीचे.

डॉन मेलिटोनना त्यांच्या मुलीच्या दुकानात फोन लावला. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, जे विमानात बसून आपल्या देशी गेले ते गेले. जो अजून जवळ आहे त्याला वर घेऊन जा, त्याचं कापड हलव आणि घरच्या नावाने बोलाव. ते कागदावरचं नाव दगडालाही ऐकू जात नाही. फोन ठेवताना एवढंच म्हणाले, तुझं ते टिपण मुलीने वाचून दाखवलं, टोपीचं वर्णन चांगलं केलंयस.

६ जुलै, शनिवार

योस्टला वर नेलं. त्याची लोकरी टोपी पायरीवरून हलवली. योस्ट, योस्ट, योस्ट. गाडीत बसलेल्या त्याने हात मांडीवरून उचलले नाहीत. याची आई याला काय म्हणत असेल? मी त्याला विचारलं. तो म्हणाला, हो, छान आहे.

आजपासून निदान नवीन लोकांची नावं विचारायची ठरवलं होतं. आता गाडीवर एक तपासनीस असतो, हातात घड्याळ घेऊन. शिट्टी त्याच्याकडे आहे.

११ जुलै, गुरुवार

उद्याची यादी आली. सतरावं नाव नेरेइदा. आडनाव माझं.

नऊ वर्षं आम्ही बोललो नाही. विद्यापीठ सोडून ती एका बासरीवाल्याबरोबर निघून गेली आणि तीन महिन्यांनी परत आली, त्यावर मी सदर लिहिलं. गावभर गाजलं. नाव बदललं होतं मी, तेवढी सभ्यता होती. बदलून तिचं घरचं नाव घातलं, तिच्या आजीने ठेवलेलं: चास्का. पहाटेची चांदणी. मला वाटलं ते कुणाला माहीत नाही. आठवड्याभरात बाजारातल्या भाजीवाल्या तिला बघून बासरीची नक्कल करत चास्का, चास्का करू लागल्या. त्यानंतर तिने मला कधी पापा म्हटलं नाही. भेटलीच तर सेन्योर ओर्तीगा.

या गाडीवर मी आहे हे तिला ठाऊक नसणार. तिला डब्यातून उतरू द्यायचं नाही. एवढंच करायचं आहे.

१२ जुलै, शुक्रवार

कुसीपाताला चढली. केसांत पांढरं दिसलं, चौतीस वर्षांची असून. मला पाहून थबकली. म्हणाली, अरे वा, सेन्योर ओर्तीगा, आता तिकिटं फाडता? बरं आहे, आधी माणसं फाडायचात.

मी सांगितलं, वायराकुंकाला उतरू नकोस. का, विचारलं. मी सांगू लागलो, आणि मलाच ऐकू आलं की ते माझ्या टिपणासारखं वाटतंय. ती म्हणाली, यावरही सदर येणार का? तुम्ही सांगितलंत म्हणजे मी पहिली उतरणार.

उतरली. लाल शाल होती अंगावर. भिंतीच्या पार टोकापर्यंत चालत गेली आणि बर्फाकडे बघत उभी राहिली. एवढं हरखून तिला मी लहानपणीच पाहिलं होतं.

चढताना मी पायरीवर तिच्या कानाशी म्हटलं, तुला मी हाक मारणार आहे, त्या नावाने. ती थांबली. एकेक शब्द तोडून म्हणाली, चारचौघांत तुम्ही ते नाव पुन्हा उच्चारलंत तर मी तुमची मुलगी नाही, हे लिहून घ्या.

सगळ्या काचांतून तोंडं बघत होती. तपासनीसाने घड्याळ वर धरलं. मी टोपी काढली आणि हाक मारली. नेरेइदा. नेरेइदा. नेरेइदा.

एकदा तरी माझी जीभ सभ्य राहावी असं वाटलं. तीच वेळ निवडली जिभेने.

१३ जुलै, शनिवार

रजा टाकली. तिला बेकरीच्या वर आणलं आहे. खुर्चीवर बसली आहे. पाव दिला तर खाते.

मी म्हटलं, नेरे, ते सदर मी लिहायला नको होतं. नऊ वर्षं हे वाक्य घोकत होतो. ती म्हणाली, बरं, पापा.

पापा म्हणाली.

माझी खोली लहान आहे ना, विचारलं. छान आहे, पापा. मी वाईट बाप होतो ना? छान आहे, पापा.

तिने मला एक टोमणा मारावा म्हणून मी दुपारभर प्रयत्न केला. बासरीवाल्याची चेष्टा केली. तिच्या आईचीसुद्धा. हात मांडीवर. समोर काच, स्वच्छ.

१४ जुलै, रविवार

गाडी नाही. खाली बेकरीत मामा सातुकाची बहीण पाव न्यायला आली होती. निरोप घेऊन. तुझी पोरगी भिंतीच्या पार टोकाला बसलीय, वारा तिकडून इकडे वाहतो, पायरीवरून मारलेली हाक तिथवर पोचणार नाही. आणि ते नाव ओरडायचं नसतं, जवळ जाऊन हळू म्हणायचं असतं. एकदा ओरडून झालंय ना तुझं?

म्हणजे उतरावं लागेल.

विचारलं, मी उतरलो तर मला कोण बोलावणार? ती म्हणाली, ज्याला तुझं नाव माहीत आहे तो. पाव घेऊन गेली.

१५ जुलै, सोमवार, सकाळ

दोघं गाडीत, ती सतराव्या खिडकीशी. शाल माझ्या मांडीवर. माझं घरचं नाव कागदावर लिहून तिच्या खिशात ठेवावं का — तिने वाचलं तर. आत्ता दिलं तर म्हणेल छान आहे, पापा. परत आल्यावर सांगेन. आल्या आल्या, पहिलं ते सांगेन. तीन अक्षरं तर आहेत. हसेल. हसू दे.

दुपार

उतरलो. दोन्ही पाय.

शाल धरून भिंतीपाशी चालत गेलो. एक मग, दुसरा मग, आणखी मग. शेवटच्या मगाची वाफ तुटत होती. गुडघे टेकले. हळू म्हणालो. चास्का. घरी चल. मी कुणाला सांगणार नाही.

काही नाही. पुन्हा म्हणालो. नऊ वर्षं त्या नावाला मी घाण लावली होती, कशाला येईल — तिसऱ्यांदा म्हणताना आवाज फुटला नाही, फक्त ओठ हलले.

वाफ सरळ वर गेली. तुटली नाही.

मागे वळलो. सतराव्या खिडकीची काच पांढरी झाली होती. एका हाताने आतून ती पुसली. नेरेइदा. कपाळाला आठी. किती सुंदर आठी.

नंतर

गाडीकडे निघालो होतो. निघालो असं वाटलं. मला कोट दिसला, निळा, माझ्या पुढे चालत जाणारा. आता अगदी मापाचा बसतोय. पायरी चढला. तपासनीसाला नम्रपणे मान लववली. पहिल्या खिडकीशी बसला, हात मांडीवर. काच स्वच्छ —

सातुकाने माझ्यासमोर मग ठेवला आहे.  चहा गरम आहे. शेजारी कुणीतरी सरकून जागा दिली. योस्ट असावा.

शिट्टी.

नेरेइदा त्या कोटाशी बोलते आहे. हलवते आहे त्याला. तिला कळलं. ती नेहमीच हुशार — दारात आली. एक पाय पायरीवर. माझी टोपी तिच्या हातात. माझ्या आजीला हे करताना तिनेही पाहिलंय, कसं करायचं ते तिला —

ओवाळते आहे. हाक मारते आहे.

ओर्तीगा. ओर्तीगा, हाम्पुय.

उठायला गेलो. पाय उचलत नाहीत. ते नाव डोक्यावरून जातं, वाऱ्यासारखं, पेपरात राहणाऱ्या कुणाचं तरी —

ओर्तीगा, चला ना. रडते आहे. नऊ वर्षांत पहिल्यांदा माझ्यासाठी —

चाकं हलली. मी ओरडतोय. वारा तिकडून इकडे.

तिसऱ्यांदा मारेल. अजून एक हाक आहे. पोरी, ते नाव माझं नाही, ते नको, माझं नाव